काठावरच्या पेशी

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मला डोळे लावायच्या दोन जागा आहेत, एक गुरूची आणि एक शिकणाऱ्याची. खाली ठेवलेली नमुन्याची काच एकच, पण ती दोघांना एकाच वेळी दिसते. अमेरिकेतल्या एरी तलावाकाठच्या एका इस्पितळात, पॅथॉलॉजी विभागाच्या खिडकीशी मी बत्तीस वर्षं बसून आहे.

नवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक! माझ्यासमोर बसायला डॉक्टरांची रांग लागायची. पुढे पडद्यावर चित्र दाखवणारी यंत्रं आली आणि माझ्यावर धूळ साचू लागली. डॉक्टर टोलन तेवढे मला सोडत नाहीत. त्यांना आणि मला एकाच काचेने झपाटलं आहे.

मी नवा होतो तेव्हा टोलन इथे शिकत होते. इथली रीत अशी की काच गुरूने आधी बघायची, संशयाच्या जागी शाईचा ठिपका द्यायचा आणि शिकणाऱ्याने तेवढंच तपासायचं. प्रुइट नावाच्या बाईंच्या काखेतली गाठ होती ती. ठिपक्याखाली काही निघालं नाही. 'कर्करोग नाही' असं लिहून गेलं. काच काठापर्यंत कोणी सरकवलीच नाही. बाई वारल्यावर ती काच पुन्हा माझ्यावर आली, तेव्हा काठाला कर्करोगाच्या सात पेशी दिसल्या. मला त्या अजून रिकाम्या काचेतही दिसतात. दोष माझा नाही म्हणतात, पण मला ते पटत नाही.

गेल्या फेब्रुवारीत नोरीन किल्बी ही टोलनांची विद्यार्थिनी माझ्यासमोर येऊन बसली. ती चार ठिकाणी रेसिडेन्सीच्या, म्हणजे डॉक्टर झाल्यावरच्या प्रशिक्षणाच्या, मुलाखती देऊन आली होती. पसंतीची यादी दुसऱ्या दिवशी पक्की व्हायची होती. त्यातून जिथे लागेल तिथे चार वर्षं काढायची होती.

"एके ठिकाणी जेवण झकास, पण कोणी हसेल तर शपथ," ती म्हणाली. "दुसरीकडे नुसता दिखावा. आणि तिसरीकडे तर एका रेसिडेंटनं मला चक्क गप्प बसवलं! म्हणे, 'काही सांगू नकोस, ही काच मी अजून बघितली नाहीये.' भलतीच उद्धट! ते ठिकाण टाकलंय यादीत शेवटी."

"आणि यादीत पहिलं?" टोलनांनी विचारलं.

"हे काय विचारणं झालं, सर? आपलंच की! तुम्ही ठिपका देता, मी बघते. सुखाचं काम."

टोलनांनी माझ्यावरून डोळे काढले. "त्या उद्धट मुलीला काच कोरी, बिनठिपक्याची मिळते?"

"हो. आधी एकटीच बघते, काय वाटतं ते लिहून ठेवते. मग तिचे सर येतात."

"मग तिथे जा. आम्हाला टाक शेवटी."

नोरीनचा चेहरा उतरला. "मी नकोय का तुम्हाला?"

"हवी आहेस गं. म्हणून तर सांगतोय." मग त्यांनी प्रुइटबाईंची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली.

नोरीन म्हणाली, "तरी तुम्ही अजून ठिपके देताच ना?"

"देतो. काचांचा ढीग आणि बघणारे आम्ही डॉक्टर दोघंच. उद्यापासून बंद करू म्हणत राहिलो आणि केस पांढरे झाले."

तिने यादी तिथेच बदलली. मार्चमध्ये ती त्या तिसऱ्या ठिकाणी लागली. मला तिचा लळा लागला होता. ती गेल्याचं मला अजून वाईट वाटतं.

मित्रांनो, माझी भिंगं पुसली नाहीत तरी चालेल. पण कोणी बोट दाखवलं म्हणून तेवढंच बघून उठू नका. काचेमागे एक माणूस असतो.

जुलैत इथे एक नवी डॉक्टर शिकायला आली. टोलनांनी सवयीने शाईचं पेन उचललं. मग ते खाली ठेवलं आणि कोरी काच तिच्याकडे सरकवली. ती हळूहळू बघत काठापर्यंत गेली. तिथे काहीच नव्हतं. तरी टोलनांनी स्वतः वाकून तो काठ पुन्हा एकदा बघितला.