अकरापर्यंत

सेल्समनने पुढचा दरवाजा उघडला आणि सीटवर तळहात फिरवला, कापडाच्या एखाद्या ठाणाचा पोत दाखवावा तसा.

"हात लावून बघा ताई. उन्हात चटका बसणार नाही, घामाने चिकटणार नाही."

तिने हात लावून पाहिलं आणि मान हलवली. ती आणखी काही म्हणेल म्हणून सेल्समन थांबला. ती काही म्हणाली नाही, तेव्हा त्याने सीट पुढे-मागे सरकवून दाखवली, मग आरसा हलवून दाखवला, मग सामान ठेवायचा कप्पा उघडून त्यात स्वतःचा हात कोपरापर्यंत घालून दाखवला.

"गाडी हीच चालवणार आहे," तिचा नवरा म्हणाला. "माझा डावा डोळा कामातून गेलाय. डॉक्टरांनी दम दिलाय, स्टिअरिंगला हात लावलात तर याद राखा. तेव्हा आता मी फक्त खिशात हात घालायचा. बाकी सगळी हिची मर्जी."

शोरूम नुकतंच उघडलं होतं. फरशीवरचं पोछ्याचं पाणी अजून वाळलं नव्हतं. पहिल्या गिऱ्हाइकाला कोणी रिकाम्या हाताने परत पाठवत नाही, या हिशेबाने नवऱ्याने तिला साडेनऊलाच इथे आणून उभं केलं होतं. समोर मॅनेजरची काचेची केबिन होती आणि केबिनच्या वर ताटाएवढं गोल घड्याळ.

ते तिघं टेबलाशी बसले. सेल्समन पन्नाशीचा असावा. केस नुकतेच काळे केलेले, कानापाशी त्वचेवरही थोडा रंग उतरलेला. खिशावरच्या बिल्ल्यावर 'प्रशिक्षणार्थी' असं लिहिलेलं होतं. नवऱ्याची नजर त्या बिल्ल्यावर गेली तसा तो ओशाळून हसला.

"पंचवीस वर्षं कापडाच्या दुकानात होतो साहेब. दुकान बंद झालं. इथे दोन महिने झाले."

"मग बरंय की. गाडीला निदान अस्तर तरी लावायला नको."

"गिऱ्हाईक मात्र तेच असतं बघा," सेल्समन मोकळा होत म्हणाला. "आमचे शेठ सांगायचे, बाई बोलतायत, नावं ठेवतायत, तोवर घाबरू नकोस. गप्प झाल्या की समज, मनात भरलेलं नाही. पुढचं ठाण उघड."

आणि तो तिच्याकडे बघून कसनुसं हसला.

नवऱ्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. ते त्याने तसंच मिटलं. तिने ते पाहिलं.

सांगण्यासारखं होतं ते एवढंच, की सकाळी उठल्यापासून अकरा वाजेपर्यंत ती बोलत नसे. अकरा वर्षं झाली होती. दूधवाल्याला दोन बोटं दाखवली की तो दोन पिशव्या देई, फोन वाजत राहिला तर वाजू दिला जाई, आणि फारच अडलं तर पर्समध्ये छोटी वही आणि पेन्सिलीचा तुकडा असे. लोकांना वाटे, मोठं व्रत आहे. तिला ते तसं कधी वाटलं नव्हतं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, आणि एका सकाळी त्यांनी चौथ्यांदा हाक मारली तेव्हा ती भरल्या हाताने दारात जाऊन म्हणाली होती, "जरा गप्प पडा ना हो." त्या गप्प पडल्या. पुढचे पाच दिवस त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. ती देईल तेव्हा प्यायल्या. सहाव्या दिवशी द्यायची गरज उरली नाही. तेव्हापासून सकाळचे हे तास तिने त्यांना देऊन टाकले होते. त्यातला एकही तिने आजवर आपल्याकडे ठेवून घेतला नव्हता.

सेल्समनने किमतीचा कागद पुढे केला. गाडीची किंमत, कर, विमा, नोंदणी, हाताळणी. नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवला.

"हे हाताळणी म्हणजे काय हो? गाडी काय कडेवर घेऊन आणली?"

"ते सगळ्यांनाच असतं साहेब."

"आमच्या शेजाऱ्याने हीच गाडी घेतली. त्याला पंधरा हजार सुटले. आणि हा माणूस भाजीवालीशी बोलताना चळाचळा कापतो. मग मी काय पाप केलंय?"

"त्या वेळी ऑफर होती साहेब. आता मी पाच करून देतो. माझ्या हातात तेवढंच आहे."

नवऱ्याने कागद तिच्यापुढे सरकवला. तो तिच्याकडे वळला. "काय गं?"

तिला काही विचारायचं झालं तर तो सकाळी असंच विचारी, आणि ती मानेने हो किंवा नाही सांगे. पण आज तो तिच्या मानेकडे बघत नव्हता, सेल्समनकडे बघत होता. सेल्समन तिच्याकडे बघत होता. तिने कागदाकडे पाहिलं.

"थांबा," सेल्समन म्हणाला. "विचारून येतो."

तो केबिनमध्ये गेला. काचेतून त्याची पाठ दिसत होती. मागे बांधलेले हात, त्यात पेन, आणि अंगठ्याने पेनाचं टोपण काढणं-घालणं चाललेलं. परत आला तो दहा हजारांवर आला होता. सोबत पाण्याचे दोन ग्लास घेऊन आला आणि तिच्यासमोरचा ग्लास बशीत ठेवला.

"ताई, रंग नाही का आवडला? राखाडीही आहे. मागे उभी आहे, दाखवू?"

तिने मान हलवली, नको म्हणून. त्याला ते कशाकशाला नको वाटलं कोण जाणे, त्याच्या कपाळावर घाम आला. तिने पर्सची चेन उघडली. वही हाताला लागली होती. एवढंच लिहायचं होतं, 'मी सकाळी बोलत नाही. राग नाही.' नवऱ्याने शांतपणे गाडीचं चकचकीत माहितीपत्रक उचललं आणि तिच्या हातावर ठेवलं.

"हे वाच गं नीट. घाई नाही आपल्याला."

चेन तिने पुन्हा लावली.

सेल्समन दुसऱ्यांदा केबिनमध्ये जाऊन आला. या वेळी मॅनेजर बसल्या जागी काहीतरी मोठ्याने बोलला, काचेमुळे शब्द कळले नाहीत. पंधरा झाले. पायाखालच्या मॅटही फुकट.

आदल्या रात्री जेवताना दोघांचं ठरलं होतं. पंधरा म्हणजे रास्त. शेजाऱ्याला मिळाले तेवढे आपल्याला, त्याहून जास्त ओढायचं नाही. तीच म्हणाली होती, "त्यांनाही घर असतं." नवऱ्याने ते मानलं होतं. आताही त्याने समाधानाने चष्मा खाली ओढला, सही करायला खिशातून पेन काढलं.

तिने वर पाहिलं. घड्याळात अकराला दोन मिनिटं होती.

किमतीच्या कागदावर खालच्या बाजूला जोडणीच्या सामानाची यादी होती. मागचं दिसण्यासाठी कॅमेरा, सात हजार. तिची मान वर्षभरापासून डावीकडे पुरती वळत नव्हती. गाडी शिकवणाऱ्या बाई दर वेळी ओरडायच्या, मागे बघा, आरशावर विसंबू नका. कॅमेरा असता तर वळावंच लागलं नसतं. रात्री तिने ते नवऱ्यासमोर काढलं नव्हतं. सात हजार म्हणजे सात हजार.

मोठा काटा बारावर आला. नंतर त्याच्या पुढे गेला.

तिने बोट त्या ओळीवर ठेवलं.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं. अकरा वाजले की ती पहिल्यांदा घसा खाकरायची. स्वयंपाकघरातून तो आवाज आला की तो चहा मागायचा. आता तो त्या आवाजाची वाट बघत होता. आवाज आला नाही. त्याने पेनाला टोपण घातलं आणि ते खिशात ठेवलं.

"कॅमेरा?" सेल्समन बोटाकडे बघून म्हणाला. "ताई, तो वेगळा घ्यावा लागतो. आता तर काहीच…"

ती गप्प होती. बोट तिथेच होतं.

त्याने थोडा वेळ वाट पाहिली. दुकानातली सगळी ठाणं उघडून झाल्यावर माणूस रिकाम्या फळीकडे बघतो तसं त्याने आपल्याच हातांकडे पाहिलं. मग उठला. केबिनमध्ये या वेळी बराच वेळ गेला. मॅनेजरने त्याच्याकडे न बघता कागदावर काहीतरी लिहिलं आणि कागद टेबलावरून सरकवला. सेल्समनने वाकून त्यावर सही केली.

"झालं," तो येऊन म्हणाला. "कॅमेरा बसवून देतो. कंपनीकडून होत नाही, पण एका गाडीमागे माझा म्हणून काही भाग असतो, त्यातून केलं. महिनाअखेर आहे, आकड्यात एक गाडी वाढली तर मला बरं." आणि मग तिच्याकडे वळून, अगदी हळू, "आता तरी मनासारखं झालं ना ताई?"

तिने मान हलवली. हो म्हणून.

"बघा! होतं की नाही!" नवरा म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीसारखा चढला नाही.

बुकिंगची पावती यंत्रातून करकरत बाहेर आली. ती घडी करून पर्समध्ये टाकताना तिचा हात वहीला लागला.

बसमध्ये दोघं शेजारी बसली. बारा वाजत आले तेव्हा ती म्हणाली, "घराची किल्ली आहे ना तुमच्याकडे?"

"बोललीस?" तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला. तो विषय त्यांच्यात पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने मौन बारापर्यंत वाढवलं. तीन दिवस केलं, मग सोडलं. ते सासूबाईंना दिल्यासारखं वाटेना; आपणच आपल्या पाठीवर हात फिरवल्यासारखं वाटायला लागलं.

गाडी न्यायला त्यांना गुरुवारी दहाला बोलावलं होतं. गाडी दारातच उभी होती, पुसून लख्ख. सेल्समन हातात फडकं घेऊन एक डाग शोधत होता, जो तिथे नव्हता. बिल्ल्यावर अजून 'प्रशिक्षणार्थी'च होतं. मॅनेजरही हात पुढे करत बाहेर आला, आणि चार माणसं जमली की नवऱ्याला राहवत नसे.

"तुम्हाला गंमत सांगतो," तो म्हणाला. "त्या दिवशी तुम्हाला वाटलं ना, बाई रागावल्यात? अहो, ती रागावली नव्हतीच! तिचं मौन असतं. रोज सकाळी, अकरापर्यंत. मी म्हटलं, चाललंय ते चालू दे!"

मॅनेजर खो-खो हसला. "म्हणजे आमचं ठाण न्‌ठाण उघडून घेतलंत की हो!" त्यालाही शेठची गोष्ट माहीत असावी.

सेल्समनही हसला, थोडा उशिरा. "असं होय. आणि मी आपला रंग दाखवतोय," म्हणत त्याने सह्यांसाठी फाईल उघडली. सगळ्यांत वर बुकिंगच्या पावतीची त्यांच्याकडची प्रत होती. तारखेशेजारी वेळ छापलेली होती. अकरा चौतीस.

त्याचं हसू लगेच गेलं नाही, नुसतं जागच्या जागी थांबलं. त्याने एकदा पावतीकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे. तिच्याकडे पाहिलं नाही. मग पावती उचलून पालथी केली आणि फाईलच्या अगदी तळाशी घातली.

"इथे सही करा ताई," तो म्हणाला. "आज तुम्ही काही बोलायचं नाही. मी बोट ठेवतो तिथे फक्त सही."

त्याने बोट ठेवलं. तिने सही केली. त्याने पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. चार सह्या झाल्या. अक्षर तिचं तिलाच ओळखू येईना.

नवरा मॅनेजरबरोबर विम्याचे कागद घ्यायला आत गेला. ती गाडीत बसली. सेल्समन खिडकीशी वाकून दाखवू लागला. हे दिवे, हा वायपर, मागे घ्यायचा गिअर टाकला की इथे चित्र उमटतं, लाल रेघ आली की थांबायचं. त्याने आरसा तिच्या उंचीला लावून दिला.

"त्या दिवशी," ती म्हणाली.

आवाज खरखरीत निघाला. अकरा वर्षांत या वेळी तो कोणी ऐकला नव्हता, तिनेसुद्धा. सेल्समनचा हात आरशावरच राहिला.

"त्या दिवशी अकरा वाजून गेले होते. मला घड्याळ दिसत होतं."

हातातलं फडकं त्याने उलगडलं, काठाला काठ जुळवला, एक घडी घातली, दुसरी घातली, तिच्यावरून अंगठा ओढून ती बसवली.

"ताई," तो म्हणाला, "अजून अकरा वाजायचे आहेत."

आणि त्याने दरवाजा हलकेच लावून घेतला.

नवरा कागदांची पिशवी घेऊन आला आणि शेजारी बसला. "चला," तो म्हणाला. "काय म्हणत होता तो?"

तिने मागे घ्यायचा गिअर टाकला. समोरचा चौकोन उजळला आणि त्यात रस्ता, रेघा, रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलेला सेल्समन, असं सगळं स्पष्ट उमटलं. एक हात वर करून तो येणाऱ्या गाड्यांना थांबवत होता, दुसऱ्याने तिला, या, या, करत होता.

"अगं, यात बघ ना," नवरा म्हणाला. "त्याच्यासाठीच तर घेतलाय."

तिने सीटच्या पाठीला हात टेकला, कळ खांद्यात उतरेपर्यंत मान वळवली, आणि मागच्या काचेतून त्याच्याकडे बघत गाडी इंच-इंच मागे घेऊ लागली.