माझ्यावरचं ‘तपासले’ झिजलं

मी शिक्का बोलतोय. हो, तोच, कचेरीच्या टेबलावर पडलेला, लाकडी मुठीचा. रबरी शिक्का म्हणून नाक मुरडू नका. माझ्या अंगावर तीन शब्द कोरलेत : ‘तपासले, वापरास योग्य’. ते दाखल्यावर उमटल्याशिवाय या शहरातली एकही लिफ्ट माणसं घेऊन वर जात नाही. आता बोला!

माझा जन्म शिक्के बनवणाऱ्याच्या खोपटाएवढ्या दुकानात झाला. त्याने पहिला ठसा रद्दीच्या कागदावर उठवून पाहिला आणि म्हणाला, “झकास!” झालं, तेव्हापासून मला उमटायची चटक लागली. शाई लागली की मला धीर म्हणून धरवत नाही.

आणि नशीब पाहा, मी पडलो कुणाच्या हाती, तर या जगातल्या सगळ्यात सावकाश माणसाच्या. लिफ्ट तपासणारे साहेब ते. अंगाने काटक, खिशापाशी शाईचा कायमचा डाग. तो डाग माझाच. मला दुसऱ्याच्या हवाली करायचं नाही म्हणून ते मला खिशातच ठेवत. गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत जात, फडकं धरून दोर चाचपत, तळाच्या खड्ड्यात उतरत, प्रत्येक मजल्याचं दार उघडून लावून बघत. शेवटी मला घेऊन स्वतः त्या लिफ्टमधून वर-खाली करत. मग कुठे शाईची डबी उघडायची.

तेवढ्यानेही भागत नसे. ते मला कागदावर हवेत धरत, डोळे मिटत आणि पुटपुटत, “प्रभू, माझा हात धर.” मगच ठसा. तोवर माझा जीव टांगणीला! कचेरीतले त्यांना ‘पाद्रीबुवा’ म्हणून चिडवत. “पाद्रीबुवा, शिक्का मारताय की लग्न लावताय?” साहेब हसत आणि पुढच्या कागदालाही तेवढाच वेळ लावत.

ते राहत चौथ्या मजल्यावर आणि त्या इमारतीला लिफ्टच नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं! त्यांच्या बाईंचे गुडघे गेलेले. दर रविवारी चर्चमधून परतताना मी खिशातून ऐकायचो. सहा पायऱ्या, मग थांबणं, एक सुस्कारा, मग “चला”, आणि पुन्हा सहा. साहेब एक पायरी मागे, हातात पिशवी. त्यांनी कधी “आटप” म्हटलं नाही.

मग तो सात मजली इमारतीचा बिल्डर आला. लिफ्टमध्ये वाळूच्या गोण्या भरून साहेबांनी चाचणी घेतली. दोर तुटला तर लिफ्ट जागच्या जागी धरून ठेवणारा एक ब्रेक असतो. तो धरेना. लिफ्ट दोन हात घसरली, दुसऱ्या खेपेला तीन.

“ब्रेक बदला, मग बोलवा,” साहेब म्हणाले.

“अहो साहेब, दोर तुटला तर ब्रेक! चार नवे कोरे दोर आहेत, ती काय सुतळी आहे?” बिल्डर हसला. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, “वहिनींच्या गुडघ्यांचं कळलं मला. दुसऱ्या मजल्यावर एक घर ठेवलंय तुमच्यासाठी. दारात लिफ्ट. पैशाचं बघू सावकाश. रविवारी लोक राहायला येतायत, तेवढं उरकून टाका.”

त्याने किल्ली हातात ठेवली. साहेबांनी ती परत केली नाही. ती माझ्याच खिशात पडली आणि घरापर्यंत मला खेटून आली. मी तर मनातल्या मनात उमटूनही घेतलं.

दिवेलागणीला टेबलावर दाखला होता, किल्ली होती आणि मी होतो. बाई गुडघ्याला मलम चोळत होत्या.

“ही कसली किल्ली?”

साहेबांनी सगळं सांगितलं, ब्रेकसकट. बाईंनी किल्ली उचलून बराच वेळ हातात धरली.

“उजेड येतो तिथे?”

“भरपूर.”

“आणि बाल्कनी?”

“आहे. झाडं लावता येतील तुला.”

साहेबांनी मला शाईत बुडवलं, कागदावर धरलं. “प्रभू...” एवढंच म्हणाले आणि पुढचे शब्द त्यांच्या तोंडून निघेनात. हात खाली येऊ लागला. बोटभर अंतर राहिलं. मला कागदाचा वास येत होता.

“प्रभू, माझा हात धर,” ते एकदम म्हणाले. रडल्यासारखा आवाज होता.

“अहो,” बाई म्हणाल्या, “त्या लिफ्टने वर जाताना मला रोज मेल्याहून मेल्यासारखं होईल. कुणाकुणाची पोरंबाळं असतील तिच्यात. रविवारी चर्चमध्ये मी कोणत्या तोंडाने गायचं? किल्ली देऊन टाका परत. जिना काय, चढेन मी प्रभूचं नाव घेत.”

हात थांबला. तो त्यांनी एकट्याने थांबवला नव्हता, एवढं मला त्या मुठीतून कळलं. माझ्या अंगावरची शाई तशीच वाळली. रागाने माझा नुसता तिळपापड झाला!

महिन्याच्या आत साहेबांची बदली जुन्या कागदांच्या खोलीत झाली. जाताना त्यांनी मला रुमालाने पुसलं आणि नव्या साहेबांना म्हणाले, “सांभाळा हं, याला घाई फार.”

नवे साहेब हसतमुख, माणूस म्हणून लाघवी. एका हातात फोन, दुसऱ्यात मी. धाड, धाड, धाड! माझी तर चांदी झाली. पहिलाच ठसा त्या सात मजली इमारतीचा. ब्रेक तोच. अजून काही झालं नाही म्हणतात. पण बाहेर कुठे जोरात काही आदळलं की माझ्या मुठीला गार वाटतं.

पोटभर उमटलो मी. आणि मग एक दिवस कळलं की मला हवेतला तो वेळ हवाय. डोळे मिटलेला तो चेहरा, ती पुटपुट. तेव्हा मला किंमत होती हो, आणि मी वेडा चडफडत होतो.

आता मी झिजलोय. गंमत पाहा, ‘तपासले’ पार पुसलं गेलंय. ‘वापरास योग्य’ तेवढं ठसठशीत उमटतं. अजून कुणाच्या लक्षात आलं नाही.

आज जुने साहेब आले होते, पेन्शनच्या सहीसाठी. बाई सोबत. साहेबांनी मला उचललं, अंगठा फिरवला. झिजल्या जागी अंगठा थांबला. त्यांनी मला खाली ठेवलं. घेऊन जा ना मला, असं मी किती ओरडलो! पण शिक्क्याचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

“बाईंना लिफ्टने खाली न्या हो,” नवे साहेब म्हणाले. “आपल्या लिफ्टचा दाखला कालच नवा केलाय. इथे बसल्या बसल्या!”

“नको,” साहेब म्हणाले, “आम्हाला जिन्याची सवय आहे.”

मग जिन्यावरून आवाज आला. सहा पायऱ्या, थांबणं, सुस्कारा, “चला.” पुन्हा सहा. मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत राहिलो.

इतक्यात फोन वाजला आणि मला शाईत बुडवलं. समोर कुठल्याशा इस्पितळाच्या लिफ्टचा दाखला आहे. साहेब, एकदाच थांबा, मला एकदाच हवेत धरून ठेवा! पण हात खाली येतोय. मला प्रार्थना करता येत नाही, ऐकलेली तेवढी पाठ आहे. प्रभू, याचाही हात धर.