खिशातले हात

आमच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक माझा धाकटा भाऊ आहे. आई गेल्यावर मीच त्याला वाढवलं. त्यामुळे तो व्यासपीठावर कितीही उंच चढला तरी त्याचा कान माझ्या हाताला लागतो, अशी माझी समजूत होती.

माझा नवरा कापड कारखान्यात बॉयलरवर आहे. बॉयलरला रविवार कळत नाही. लग्नानंतर कित्येक वर्षं हा माणूस मला उपासनेला दारापर्यंत सोडायचा आणि तिथूनच मागे फिरायचा. म्हणायचा, "आपण हे असे काजळी माखलेले. देवाला कशाला त्रास?" शेवटी एका रविवारी भावानंच त्याला ओढून आत आणलं.

आमच्याकडे प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीला, एकच भाकर फिरते. कुणी स्वतःच्या हातानं घेत नाही. शेजाऱ्यानं तुकडा मोडून द्यायचा, मग खायचा. भाकर जवळ आली तसे नवऱ्यानं दोन्ही हात खिशात घातले. भावानं मनगट धरून एक हात बाहेर काढला आणि काळ्या तळव्यावर तुकडा ठेवला.

"दाजी, ही मजुरी नाही, की आधी काहीतरी करून दाखवा. नुसती घ्यायची असते."

घरी आल्यावर नवरा हुंदके देऊन रडला. तेव्हापासून रात्रपाळी संपली की तो घरी न येता थेट उपासनेला यायचा आणि भावाच्या शेजारी बसायचा. ती जागा त्याचीच झाली होती.

मग आमची मंडळी जिच्या हाताखाली आहे त्या मोठ्या मंडळीतून तिघे पाहुणे आले. कडक इस्त्रीचे, तोंडात साखर. प्रभूवर विश्वास हवाच, म्हणाले, पण तेवढ्यानं भागत नाही. रविवारी काम करायचं नाही, शुक्रवारी उपवास, अंगावर दागिना नको. नाहीतर भाकरीला हात लावायचा नाही. आठवडाभर ते भावाकडे राहिले आणि त्याचे कान भरत राहिले. मी निर्धास्त होते. माझा भाऊ कच खाणारा नाही, असं शेजारणीला ठणकावून सांगितलंही.

रविवारी नवरा नेहमीसारखा आला. हात धुतलेले, पण नखांत काजळी होतीच. तो भावाच्या शेजारी बसायला गेला आणि भाऊ उठला. वाकून हळूच म्हणाला, "दाजी, आजच्या दिवस मागे बसा ना. ते बघतायत." आणि स्वतः पाहुण्यांच्या बाकावर जाऊन बसला.

भाऊ गेला तसे शिंपीकाकाही तिकडे गेले, शाळेतल्या बाई गेल्या. परवापर्यंत माझ्या नवऱ्याच्या हातून तुकडा घेणारी ही माणसं! माझ्या अंगाची लाही लाही झाली. भाकर फिरत माझ्यापर्यंत आली. माझ्यामागचे सगळे बाक रिकामे, फक्त शेवटच्यावर नवरा. भाऊ मला खुणेनं सांगत होता, भाकर परत पुढे पाठव.

मी भाकर घेऊन उभी राहिले.

"काय रे, इथे हात कुणी बघत नाही असं सांगून तूच यांना आत आणलंस ना? मग तेव्हा खोटं बोललास की आता खोटं वागतोयस?"

"ताई, बस खाली. चारचौघांत नको."

"चारचौघांतच उठलास ना त्यांच्याजवळून?"

त्यानं पाहुण्यांकडे बघितलं. मी वाढवलेलं पोर माझ्याऐवजी त्यांच्याकडे बघत होतं, आणि मला पोरकं झाल्यासारखं वाटलं.

मी मागे गेले, तुकडा मोडला आणि नवऱ्यापुढे धरला. त्याचे दोन्ही हात खिशात होते.

"घ्या."

"नको गं. तेच बरोबर असतील. चुकून बसलो होतो मी इतके दिवस पुढे."

"अहो, घ्या म्हणते ना!"

"थांब. हात धुऊन येतो."

तो बाहेरच्या नळावर गेला. पुढे गीत सुरू झालं. मी तुकडा धरून तिथेच उभी. गीत संपलं तरी नळ चालूच होता. दगडावर हात घासल्याचा आवाज आत येत होता, आणि भाऊ मान खाली घालून तो ऐकत होता.