तीन महिन्यांच्या सरासरीत

मला मूल हवंय. हे आधीच सांगून टाकते, कारण सासूबाई अख्ख्या सोसायटीत "हिलाच नको होतं" असं सांगत सुटल्यात. सांगू देत. तोंडाला कुलूप थोडंच लावता येतं?

लहानपणापासून मला टाइप वनचा डायबिटीस आहे. माझं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, बाहेरून द्यावं लागतं. अनिरुद्धशी लग्न ठरलं तेव्हा हे सगळं उघड सांगितलं होतं, लपवाछपवी नाही. पण इंजेक्शनं घेऊन घेऊन माझी तीन महिन्यांची सरासरी शुगर कधी नऊच्या खाली उतरली नाही. डॉक्टर मॅडमनी स्पष्ट बजावलं, "ऋतुजा, साडेसहाच्या आत आण, मग बाळाचा विचार कर. आधी नको, बाळाला धोका आहे."

म्हणून पंप घेतला. कमरेला एक छोटी डबी, तिच्यातून बारीक नळी पोटाला. दिवसभर थोडं थोडं इन्सुलिन आत जात राहतं. पुढच्याच रिपोर्टात नऊचे साडेसात झाले, मग सात. खराडीच्या ऑफिसात बाथरूमची कडी लावून मी आनंदाने रडले.

सासूबाईंना त्या डबीचा भारी राग. पाहुणे आले की पाहुण्यांसमोरच म्हणायच्या, "पदर नीट घे, तुझं मीटर दिसतंय."

मग गौरीजेवणाचा दिवस आला. आमच्याकडे सोळा भाज्या, पुरण, सगळं सोवळ्यात. अंघोळ करून स्वयंपाकघरात शिरायचं आणि नैवेद्य दाखवेपर्यंत बाहेरच्या कशालाही हात लावायचा नाही. अंघोळीपुरता पंप काढला तर चालतो, म्हणून काढून कपाटावर ठेवला होता. बाहेर आले तर जागेवर नाही.

"तुझ्या ऑफिसच्या बॅगेत टाकलाय, चपलांच्या स्टँडवर," सासूबाई पुरणाची डाळ तपासत म्हणाल्या. "कुठेकुठे फिरून आलेलं ओवळं ते. नैवेद्य झाला की घे."

"अहो आई, तो लावल्याशिवाय माझ्या अंगात इन्सुलिन जात नाही."

"मागच्या वर्षी कुठे होता पंप? सकाळी एकदा टोचून घेतलंस आणि दिवसभर ठणठणीत होतीस की. आता काय झालं?"

इथेच तर सगळं अडलं होतं. मागच्या वर्षीचं ते इंजेक्शन दिवसभर पुरणारं होतं. पंपात तसलं इन्सुलिन नसतंच. पंप काढला की काही तासांत अंगातलं सगळं संपतं, शिल्लक शून्य. मी हे समजावून सांगितलं. मग पुन्हा सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "शिकलेल्या सुना आणल्या की रोज तास भरतो."

अनिरुद्धला हाक मारली. तो पंप घेऊन आला, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. अंघोळ न केलेला. सासूबाईंनी नुसती मान वळवली. "ये ना आत, ये. पुरण टाकून देऊ, पाहुण्यांना बाहेरून वडापाव आणू."

तो तिथेच थांबला. दोन पावलं होती हो फक्त! "ऋतू, थोडा वेळ काढ ना," म्हणाला. "सणाचा दिवस आहे, आईला कशाला दुखवायचं?"

भांडण नको म्हणून मी पोळ्या लाटत राहिले. दुपार होईतो घशाला कोरड पडली, मग पोटात ढवळायला लागलं. दंडाला लावलेल्या सेन्सरवरून बाहेर माझा फोन शुगर वाढल्याचं कोकलून सांगत होता. "त्याचा गळा आवळा कोणीतरी," सासूबाई म्हणाल्या. अनिरुद्धने फोन म्यूट केला.

नैवेद्याचं ताट भरता भरता मी सिंकमध्ये ओकले आणि खाली बसले. पाहुण्यांमधल्या एकीने आरडाओरडा केला म्हणून मला हॉस्पिटलात नेलं. रक्तात ॲसिड वाढलं होतं. सलाइन लागलं, आयसीयू झालं. सासूबाई भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "नेमकं नैवेद्याच्या वेळेला!"

त्यानंतरचा रिपोर्ट परवा आला. सहा पॉइंट चार. डॉक्टर मॅडम हसून म्हणाल्या, "आता माझी काही हरकत नाही."

सदाशिव पेठेतल्या त्या क्लिनिकच्या पायऱ्या उतरताना अनिरुद्ध हवेत होता. "बघ! उगाच मनाला लावून घेतलंस. त्या दिवसाने काही फरक पडला का?"

खरंच पडला नव्हता. तीन महिन्यांच्या सरासरीत तो दिवस कुठे दिसतसुद्धा नव्हता. माझं डोकंच फिरलं.

"डॉक्टरांची हरकत नाही, माझी आहे," मी म्हणाले. "पुढच्या गौरींना आई पुन्हा तेच करतील आणि तू पुन्हा दारात उभा राहशील. तेव्हा आत मी एकटी नसेन, अनिरुद्ध."

त्याचा चेहरा उतरला. तो गाडीची किल्ली बोटात फिरवत राहिला. मला वाटलं, आता तरी बोलेल.

"बरं," तो म्हणाला, "आईला विचारून बघतो."

मी रिक्षाला हात केला आणि माहेरचा पत्ता सांगितला.