पोलादी पट्टी

इंजिनिअरिंगला मी पहिल्या वर्गात पास झालो, धाकट्याने दोनदा गटांगळी खाल्ली. पुढे मी कायदा शिकलो आणि पेटंटचे अर्ज लिहायला लागलो, म्हणजे दुसऱ्यांच्या अकलेला कुंपण घालायचा धंदा. वीस वर्षांत शेकडो शोध लिहिले, माझ्या नावावर एकही नाही. आणि या पठ्ठ्याने गॅरेजमध्ये खाटखूट करून झडप बनवली! पाइप फुटला की आतली वाकवलेली पट्टी झटकन पलटी खाते आणि पाणी आपोआप बंद. इतकी साधी की बघताक्षणी माझ्या पोटात दुखायला लागलं. वर आईने फोन करकरून सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. माझ्या पहिल्या वर्गाचं तिने एवढं कौतुक केलं नव्हतं.

"दादा, अर्ज तूच लिहायचास," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही."

लिहिला. त्याच्या वहीत स्वच्छ नोंद होती: पट्टी पोलादाची चालते, प्लॅस्टिकचीही चालते, दोन्ही तपासल्या. कुठलाही वकील तिथे 'लवचिक पट्टी' लिहितो, म्हणजे सगळं कुंपणाच्या आत येतं. मी 'पोलादी पट्टी' लिहिलं आणि प्लॅस्टिकचा परिच्छेद उडवला. आता कोणीही प्लॅस्टिकची पट्टी घालून तीच झडप खुशाल विकू शकत होता. जिवाला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्याने न वाचताच सही ठोकली.

अर्ज दाखल झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने झडप प्रदर्शनात मांडली, दोन्ही पट्ट्यांसकट. परतीचे दोर कापले गेले. दाखल झालेल्या अर्जात नवं काही घालता येत नाही, आणि सगळ्यांनी पाहिलेल्या वस्तूवर नवा अर्ज टिकत नाही.

आठवड्याने तो माझ्या ऑफिसात आला. शोध कुणी लावला, त्यांच्या नावांचा फॉर्म तेवढा द्यायचा राहिला होता. तो त्याने हट्टाने स्वतः भरला होता. त्यावर दोन नावं होती. पहिलं माझं.

"हे काय?"

"वर्षभर मी पट्टी सरळ बसवत होतो, चालेचना. तू फोनवर म्हणालास, आधीच वाकवून बसव की, बावळटा. विसरलास?"

साफ विसरलो होतो. घाईत होतो त्या दिवशी, त्याला वाटेला लावायचं म्हणून बोललो असेन.

"कर सही," तो म्हणाला. "एका कंपनीचा फोन आलाय. त्यांना प्लॅस्टिकचीच हवीय, स्वस्त पडते म्हणून."

मी पेन खाली ठेवलं. "अर्जात प्लॅस्टिक नाही."

"मग घाल की."

"आता घालता येत नाही."

"चुकून राहिलं का, दादा?"

हो म्हटलं असतं तर त्याने तेही मानलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "मी काढलं."