तलावापलीकडचा समुद्र

मी एक जुनी होडी आहे. पण मित्रांनो, नदी कशी असते ते मी कधी पाहिलेले नाही. माझे सारे आयुष्य एका बंद गुहेत, गुडघाभर पाण्यात गेले. ती गुहाही खरी नव्हती. सिमेंट, लोखंडी जाळी आणि रंग यांची ती बनवली होती. तलावाकाठच्या एका करमणुकीच्या पार्कात, पाळणे आणि चक्रांच्या गर्दीत, ती एका कडेला उभी होती. दारावर पाटी होती, 'परीची गुहा'.

मला एका सुताराने घडवले. फळ्यांना वाफ देऊन त्याने त्या हळूहळू वाकवल्या, सांधे भरले, पिवळा रंग दिला. शेवटी माझ्या काठावरून त्याने आपला गाल फिरवून पाहिला. "लहान मुलं बसणार हिच्यात. कुसळ राहता कामा नये," असे तो म्हणाला होता. मग मला पाण्यात सोडले. गुहेच्या टोकाला एक पंप होता, तो पाणी ढकलत असे, आणि त्या धारेबरोबर मी वळणे घेत पुढे जात असे.

गुहेत दोन्ही बाजूंना बाहुल्यांचे देखावे होते. एक उंदीर भट्टीत पाव भाजत असे. एक ढेरपोट्या राजा सिंहासनावर घोरत पडलेला असे; त्याचे पोट खरोखर वरखाली होई. त्याच्या घोरण्याने मुले इतकी हसत की माझ्या फळ्या थरथरत. आणि अगदी शेवटच्या वळणावर परी होती, ती आपला दिवा उंच करी.

ही सगळी यंत्रे चालती ठेवणाऱ्या माणसाला सगळे होडीवाले काका म्हणत. धक्क्यावर उभे राहून ते प्रत्येकाला हात देऊन बसवत, हात देऊन उतरवत. बाहुल्यांचे कपडे काकू शिवत. त्यांचा चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला असे, आणि सुई हरवली की त्या सगळ्यांना उठून उभे राहायला लावत. त्यांना एकच मुलगी, ठकू. शाळा सुटली की ठकू थेट गुहेत येई, माझ्यातच बसून अभ्यास करी आणि उंदराला पाढे म्हणून दाखवी.

ते दिवस फार चांगले होते. आमच्यासाठी रांग लागे. उतरताना मुले "अजून एकदा" म्हणून रडत, आणि काका खोटे खोटे रागावून त्यांना पुन्हा रांगेत उभे करत.

मग काकू आजारी पडल्या आणि गेल्या. परीचा नवा झगा अर्धाच शिवून झाला होता. उरलेला ठकूने पुरा केला. तिचे टाके वेडेवाकडे होते, पण काकांनी तो तसाच परीला घातला.

ठकू मोठी झाली. नाटकाचे देखावे कसे उभारायचे ते शिकून आली. आल्या आल्या तिने आमच्या गुहेसाठी पुठ्ठ्याचा एक छोटा नमुना केला. त्यात गुहेचे पाणी समुद्राला जाऊन मिळत होते. पार्कच्या मालकांनी तो नीट पाहिलाही नाही. "चाललंय ते चालू दे," म्हणाले. ठकूने काकांकडे पाहिले. काका म्हणाले, "आहे तेच बरं आहे गं. लोक राजासाठी येतात." नमुना काही दिवस तिकीटखिडकीच्या मागे पडून होता. मग एक दिवस ठकू तो घेऊन गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका संध्याकाळी पार्क बंद होताना, ती काकांना म्हणाली, "बाबा, एक फेरी मारू या. दोघंच."

दोघे माझ्यात बसले. अंधारात माणसे जे बोलतात ते उजेडात बोलत नाहीत, हे मला एव्हाना ठाऊक झाले होते. उंदीर मागे पडला तेव्हा ठकू म्हणाली, "बाबा, मला तलावापलीकडच्या पार्कात बोलावलंय. ते नवी नगरी बांधतायत. सागरनगरी. माझा नमुना त्यांना आवडला."

काका समोरच्या देखाव्याकडे पाहत राहिले. राजा घोरत होता.

"राजाच्या यंत्राचा पट्टा सैल झालाय," काका म्हणाले. "उद्या बघायला हवा."

"बाबा, मी काहीतरी सांगतेय."

"ऐकू आलं मला."

मी शेवटच्या वळणावर आले. परीने दिवा उंच केला तेव्हा मला दोघांचे चेहरे दिसले. दोघांनाही काहीतरी बोलायचे होते, आणि दोघेही पाण्याकडे पाहत होते.

सागरनगरी उघडली, आणि आमची रांग आटली. जे येत ते माझ्यात बसून तिकडच्याच गोष्टी करत. "तिकडे डोक्यावर काच आहे, आणि काचेवरून मासे जातात." "तिकडच्या होड्या आपोआप वळतात. इकडे बघ, ही धडकते." एक आजोबा मात्र म्हणाले, "तिथं सगळं छान आहे, पण बाहेर पडायची घाई करतात. इथं निवांत वाटतं." त्यांच्या नातवाने लगेच सांगितले, "निवांत कारण कोणीच नाहीये इथे." त्यावर आजोबाही हसले.

ही तुलना ऐकून मला वाईट वाटे. पण काकांचे निराळेच होते. लोकांना हात देऊन उतरवताना ते सहज विचारल्यासारखे विचारत, "पलीकडचं बघितलंत का? कसं आहे?" लोक सांगत राहत, काका मान डोलवत ऐकत. ते सारे आपल्या मुलीने उभारले आहे, हे त्यांनी एकालाही सांगितले नाही.

आमचे मालक आता जागे झाले. पलीकडे समुद्र, तर आपल्याकडे ज्वालामुखी, असे त्यांनी ठरवले. चक्रांच्या जागी एक मोठा लाल डोंगर उभा राहिला आणि त्याच्या तोंडातून धूर येऊ लागला. वारा फिरला की तो धूर आमच्या गुहेत शिरे आणि लोक राजासमोर खोकत बसत. दोन्ही पार्कांच्या जाहिराती एकमेकींना टोमणे मारत. "आमच्याकडे नुसतं पाणी नाही," असे आमची पाटी म्हणे. "आमच्याकडे धुराने डोळे चुरचुरत नाहीत," असे पलीकडची म्हणे. लोकांची करमणूक झाली. गुहेला मात्र रंगही मिळेना आणि दिवेही. उंदराचा हात अर्ध्यावर अडकला, तो तसाच राहिला. माझा पिवळा रंग पोपडे धरून पाण्यात पडू लागला.

ठकू दर रविवारी काकांसाठी डबा घेऊन येई. दोघे धक्क्यावर बसून जेवत. काका तिला विचारत, "झोप होते ना नीट?" ती विचारे, "गुडघा कसा आहे?" समुद्राचे नाव कोणी काढत नसे.

तिकीटखिडकीवर एक मावशी बसत. काकूंची त्यांच्याशी मैत्री होती, म्हणून काकांना चार शब्द सुनावण्याचा हक्क त्या राखून होत्या. "अहो, एकदा जाऊन बघा तरी," त्या म्हणत. "तुमचीच पोर आहे. शेजारच्यांची नाही."

"बघू," काका म्हणत.

आणि एका सुट्टीच्या दिवशी काका पलीकडे जाऊन आले. मला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. माझ्यात साचलेले पाणी डब्याने उपसता उपसता ते मावशींना सांगू लागले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना, इतका तो हलका झाला होता.

"दोनदा बसलो, बाई. ती कामाला दुसरीकडे होती, तिला कळलंही नाही. सुरुवातीला नुसता अंधार. मग एकदम वर पाणी, खाली पाणी, आणि आपण मधे. पुढे एक खिडकी येते. आत एक ऑक्टोपस शिवणकाम करत बसलाय, आठही हात चालू. गळ्यात दोऱ्याने चष्मा अडकवलेला." ते थांबले. "लोक हसत होते. मला काही दिसेनासंच झालं. म्हणून पुन्हा रांगेत उभा राहिलो."

"मग सांगा ना तिला हे," मावशी म्हणाल्या.

"सांगणार आहे. येतेच आहे ती रविवारी."

"काय सांगणार?"

"हेच, की माझ्या हातून असलं झालं नसतं. तिच्या आईला दाखवायला हवं होतं." आणि ते पुन्हा पाणी उपसू लागले.

रविवारी ठकू आली. डबा उघडला, घास घेतले गेले. मावशी खिडकीतून मान लांब करून बघत होत्या. मीही वाट पाहत होते. काकांनी बराच वेळ पाणी पिण्यात घालवला. मग म्हणाले, "तुमच्या तिथं उतरायच्या धक्क्याची पायरी उंच आहे. म्हातारी माणसं अडखळतील."

ठकूचा घास हातातच राहिला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"लोक बोलतात."

"अजून काय बोलतात लोक?"

मित्रांनो, याहून सोपा प्रश्न कोणी कोणाला विचारला नसेल. काकांनी तोंड उघडलेही. पण इतक्या वर्षांची सवय जिभेवर येऊन बसली असावी. "बाकी बरं आहे म्हणतात," ते म्हणाले.

ठकूने डबा आवरला. त्या दिवशी ती लवकर गेली. मावशी खिडकी लावून बाहेर आल्या आणि काकांसमोर नुसत्या उभ्या राहिल्या. "माहीत आहे," काका म्हणाले. "पुढच्या खेपेला सांगतो."

पुढच्या रविवारी ठकूला सुट्टी मिळाली नाही. त्याच्या पुढचा रविवार यायच्या आत, एका सकाळी गुहा उघडलीच नाही. काकांना घरी छातीत कळ आली होती. दवाखान्यात नेले तेव्हा ते शुद्धीवर नव्हते. ठकू धावत पोचली, उशाशी बसून राहिली, पण ते पुन्हा बोलले नाहीत.

काही दिवसांनी ती काकांच्या वस्तू न्यायला आली. पान्हे, एक टॉवेल, जुन्या चपला. पंप बंद होता. ती माझ्यात येऊन बसली आणि आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो. मावशी धक्क्यावर बसल्या.

"तुझे बाबा गेले होते बघायला," त्या म्हणाल्या.

ठकूने मान वर केली. "कुठे?"

"तुझ्याकडे. समुद्रात. दोनदा बसले."

ठकूने हातातला टॉवेल बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मावशी, काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगा." मावशींनी सांगितले. अंधार, पाणी, खिडकी, चष्मा, सगळे. "पुन्हा सांगा," ठकू म्हणाली. मावशींनी पुन्हा सांगितले. 'आईला दाखवायला हवं होतं' इथे आल्यावर त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"मला वाटलं, त्यांना त्यातलं काही आवडणारच नाही," ठकू म्हणाली. "पायरी मी त्याच आठवड्यात कमी करून घेतली, मावशी. मी पण नाही सांगितलं त्यांना. म्हटलं, त्यांनी विचारल्यावर सांगू."

मग ती माझ्या काठावर डोके टेकून रडली. माझ्यावर आजवर किती पाणी पडले, पण इतके जड पाणी मला आठवत नाही.

पुढे मालकांनी गुहा पाडायचे ठरवले. ठकूने येऊन बाहुल्या मागितल्या. निदान परी तरी द्या, म्हणाली. मालक म्हणाले, "पलीकडच्यांना इथली एक काडीही मिळणार नाही." राजा, उंदीर, परी, सगळे एका ट्रकमध्ये आडवेतिडवे भरून भंगारात गेले. ट्रकमध्ये मला ठेवायला जागा उरली नाही, म्हणून मला डोंगराच्या मागे, भिंतीच्या कडेला, पालथी टाकली. आता उन्हाने माझे सांधे उकलले आहेत.

भिंतीपलीकडून जाणाऱ्या मुलांचे बोलणे कानावर येते. म्हणतात, मोठ्या रस्त्यालगत तिसरे पार्क झाले आहे. तिथे चंद्रावरची नगरी आहे, आणि तिच्यापुढे ज्वालामुखी म्हणजे काहीच नाही, समुद्र तर जुनाट झाला. मला ठकूची आठवण येते. तिच्या काचेवर आता शेवाळ चढत असेल का, आणि कोणी ती पुसत असेल का?

मित्रांनो, तुम्ही खुशाल नव्या नगऱ्या पाहा. तुलनाही करा, त्याचा मला राग नाही. पण जुन्या वस्तू टाकण्याआधी त्यांवर कोणाचे हात फिरले आहेत ते एकदा विचारा. आणि एखादी गोष्ट आवडली, तर ती ज्याने केली त्याला तोंडावर सांगा. माझ्यातून उतरणारी माणसे "छान होतं" असे एकमेकांना म्हणत, हात देणाऱ्या काकांना क्वचितच. घरच्या माणसाला तर सांगायचे राहूनच जाते, कारण तो उद्याही असणार असे आपण धरून चालतो. तुमच्या शेजारी कोणी बसले असेल आणि त्याच्याविषयी मनात काही चांगले असेल, तर उतरायचा धक्का येण्याची वाट पाहू नका. पाण्यात असतानाच बोलून टाका.