दीड जीबी जास्त

“दीड जीबी जास्त हाय. ते कुठून आलं, तेवढं सांग.”

मी विचारलं आणि दूध संकलन केंद्रातले पाचही संचालक दस्तगीरकडे बघायला लागले. चोर पकडल्यावर माणूस कसा खाकरतो, तसा मी खाकरलो.

मी या गावच्या दूध संस्थेचा सचिव सोमनाथ. सव्वीस वर्षं झाली. पाणी, साखर, युरिया, पावडर, लोक दुधात काय काय घालून आणतात ते मला कॅनचं झाकण उघडल्याबरोबर कळतं. सख्ख्या मेव्हण्याचं दूध मी भर चौकात ओतलंय, तो अजून माझ्याशी बोलत नाही. मूळ वस्तूत वरून काही घातलंय असं कानावर आलं, की माझं डोकं फिरतं. स्वभावच तसा आहे, आणि त्याचा मला अभिमान होता.

दस्तगीर शेजारच्या कडा गावचा. आजूबाजूच्या वीसेक गावांतले कॉम्प्युटर तोच बघायचा. शाळा असो, पतसंस्था असो, आमचं केंद्र असो. आमच्याकडे नेट असून नसल्यासारखं. कॉम्प्युटर बसला की नवी विंडोज मारायला तास पुरतो, पण पुढे तिचे वर्षभराचे अपडेट उतरवत दोन-दोन दिवस बसावं लागतं. ते टाळायला हा गडी दर महिन्याला नगरला जायचा, तिथल्या चांगल्या नेटवर नवे अपडेट उतरवून घ्यायचा आणि घरी बसून ते विंडोजच्या सेटअपमध्येच आतून बसवायचा. मग स्वतःच्या एका जुन्या मशीनवर मारून बघायचा. सगळं नीट झालं तरच तो पेनड्राइव्ह बाहेर काढायचा. सकाळचं दूध आटोपलं की येतो आणि सांजच्या दुधाला मशीन देतो, असं सांगायचा आणि शब्दाला जागायचा. आत काय घातलंस, म्हणून त्याला बारा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या धंद्याचं सगळं भांडवल तेवढंच होतं, त्याचं नाव.

या बैठकीच्या महिनाभर आधी आमचा कॉम्प्युटर बसला, तो त्याने असाच उभा केला. आणि आठवड्याभरात धुळाजीच्या दुधाचं फॅट साडेपाचवरून सव्वाचारवर आलं. धुळाजीकडे गावात सगळ्यात जास्त जनावरं. तो पावती नाचवत आला, मशीनमध्ये कुणीतरी काहीतरी करून ठेवलंय म्हणाला. फॅटचं यंत्र कॉम्प्युटरला जोडलेलं, आणि कॉम्प्युटरला हात लावला होता दस्तगीरने. झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

माझी मुलगी सुकन्या पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. तिला फोन लावला आणि विंडोजची मूळ फाइल किती जीबीची असते, एवढंच विचारलं. कशासाठी, ते सांगितलं नाही. घरच्या माणसालाही सगळं सांगू नये, अशी माझी पद्धत. दस्तगीर अडीअडचणीला म्हणून एक पेनड्राइव्ह केंद्रात ठेवून गेला होता, तो लावून बघितला. दीड जीबी जास्त! चमचाभर पाणी सापडलं तरी मी कॅन परत पाठवतो, इथं तर दीड जीबी. कुठंतरी पाणी मुरतंय, याबद्दल मला शंका उरली नाही.

“अपडेट हायत ते,” दस्तगीर म्हणाला. “म्या आत बसवलेले. तुमाला मागंच सांगितलं होतं, भाऊ.”

“अपडेटच हायत, दुसरं काय न्हाई, हे आमी कशावरून मानायचं?”



“बारा वर्सं मानलं तशावरूनच,” दस्तगीर म्हणाला.

संचालकांतल्या तात्याबाने त्याच्याकडे कंपनीचा दाखला मागितला. दाखला कुठला असणार! मग मी फर्मान काढलं, हे सगळं पुसून कंपनीची कोरी विंडोज टाकायची. दस्तगीरने वाद घातला नाही. आत्ता सगळ्यांसमोर ती बसवून देतो म्हणाला, फक्त अपडेटला वेळ लागेल, दुधाचा खोळंबा होईल. मला वाटलं, बघा, अंगाशी आल्यावर गडी कसा नरमला. तू नको, नगरहून माणूस बोलावतो, असं मी तोंडावर सांगितलं. तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरला. सोसायटीने दस्तगीरला बाजूला केलं, ही बातमी सांजपर्यंत कुठवर जाईल, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

नगरचा माणूस आला, कोरी विंडोज मारून दुपारच्या एसटीने परत गेला. मग आमची तारांबळ सुरू झाली. अपडेट उतरायला लागले ते उतरतच राहिले. ऐन दुधाच्या वेळी मशीन आपोआप बंद पडायचं, पुन्हा चालू व्हायचं, अपडेटचे तेच ते टक्के दाखवत बसायचं. बाहेर कॅनची रांग, लोकांच्या शिव्या, उन्हात दोनशे लिटर दूध नासलं. तिसऱ्या दिवशी मशीन जाग्यावर आलं. मी आधी धुळाजीचं दूध लावलं. सव्वाचार. यंत्र धुऊन पुन्हा लावलं. सव्वाचारच.

मग मी धुळाजीला ते विचारलं, जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. म्हशी कशा आहेत?

“दोन आटल्यात की,” तो म्हणाला. “सध्या गाईचंच जास्ती हाय.”

म्हशीचं कमी आणि गाईचं जास्त झालं, तर फॅट उतरणारच. सव्वीस वर्षं दूध तपासणारा माणूस मी, आणि म्हशींची चौकशी करायची सोडून पेनड्राइव्ह तोलत बसलो होतो. सुकन्याला सगळं सांगितलं तर ती चिडली. म्हणाली, आबा, अपडेट आत घातल्यावर फाइल मोठी होणारच ना, नीट विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं. मला माझीच लाज वाटली.

शाळेत गेलो, पतसंस्थेत गेलो, दस्तगीरची काही चूक नव्हती म्हणून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण काळजी घेतलेली बरी, असं वर मलाच ऐकवलं. त्यांना ती काळजी शिकवली होती मीच.

महिन्याभराने कॉम्प्युटर पुन्हा बसला. मी दस्तगीरला फोन केला. वाटलं होतं येणार नाही, पण आला. चुकलं माझं, म्हणालो. असू द्या, म्हणाला, आणि कंपनीच्या कोऱ्या विंडोजचा पेनड्राइव्ह लावला.

“आन् तुझा नेहमीचा?”

“बंद केलं ते.”

“कावून?”

“हर गावात आत काय हाय ते दाखवीत बसायचं, मग काम कवा करायचं?” त्याने एक खुर्ची ओढून पडद्यासमोर ठेवली. “बसा, भाऊ. तुमी बसल्याबिगर मी मशीनला हात लावीत न्हाई.”

तसं काही नको, म्हणून मी दोनदा सांगून बघितलं. त्याने खुर्ची आणखी पुढे सरकवली. शेवटी बसलो. तो एकेक बटण दाबायचा आणि मला नीट दिसावं म्हणून बाजूला सरकायचा. चार टक्के झाले, अकरा झाले. मध्येच बाहेरून टँकरवाल्याने हाक मारली, म्हणून मी उठलो.

माझ्या मागोमाग दस्तगीरही बाहेर आला आणि उन्हातच भिंतीला टेकून उभा राहिला. मी टँकरवाल्याशी बोलून परत खुर्चीत बसेपर्यंत त्याने उंबरा ओलांडला नाही.